पाण्याची विद्या



मागच्या दोन अंकांत हे सदर आले नाही. महादुल्याच्या चौकात तीन-चार जणांनी विचारले, "काय भाऊ, आजारी होते काय?" आजारी नव्हतो. आम्ही समुद्रावर गेलो होतो. कुणाचे लग्न नव्हते, अधिवेशन नव्हते, मोर्चा नव्हता, कुणी मोठ्या दवाखान्यात भरती नव्हते. नुसतेच गेलो होतो. हे कबूल करताना अजूनही संकोच वाटतो, कारण आपल्या घरांत 'नुसते जाणे' हा प्रकार बसत नाही. भाड्याला पैसा काढायचा तर त्याला कारण लागते.

आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला. नागपूरहून खच्चून भरलेल्या गाडीत रात्र काढायची, दादरला उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत लागायचे, बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि मग बाजूच्या त्या पाण्याकडे दहा मिनिटे पाहायचे. एकाने पिशव्यांपाशी बसायचे, एकाने पोरांची मनगटे धरायची. घोट्याला पाणी लागले की माय ओरडणार, "बस झालं, मांगं या!" आम्हीही तीस वर्षे तेवढाच समुद्र पाहिला होता, घोट्यापर्यंतचा.

आता आम्ही म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. कोराडी-महादुल्याची आमची पाच जणांची जुनी दोस्ती आहे. एक वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटरभाऊ, एक राखेच्या ट्रकवरचे ड्रायव्हर, एक शाळामास्तर, मास्तरांच्या पत्नी, ज्या अंगणवाडी चालवतात आणि ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, आणि पाचवे आम्ही. फिटरभाऊंचा भाचा स्वयंपाकाचा कोर्स करून गोव्याला गेला. पेडणे तालुक्यात हरमल गावाजवळ समुद्राकाठी एक सर्फिंगचा कॅम्प आहे, त्याच्या मुदपाकखान्यात तो नोकरीला लागला. सकाळी चहा-नाश्त्याचे काम आटोपले की तोही फळी घेऊन पाण्यात जाऊ लागला आणि दोन वर्षांत शिकवणाऱ्यांना हात देण्याइतका तयार झाला. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, सहा खाटांची एक खोली रायते तिथं. मालकाला सांगून सस्त्यात लावून देतो. या सगळे."

आम्ही भिशी लावली. माणशी महिन्याला ५०० रुपये, दोन वर्षे. घरोघर चेष्टा झाली. "आता या वयात लाटेवर नाचाल काय?" हे तर जवळजवळ प्रत्येकाने ऐकले. फिटरभाऊ मात्र कधी हप्ता चुकले नाहीत. त्यांचेच आम्हाला सर्वांत नवल वाटत होते. का, ते पुढे सांगतो.

नागपूरहून मडगावकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. कल्याण, पनवेल करीत गाडी कोकण रेल्वेला लागली आणि बोगद्यामागून बोगदे सुरू झाले. रोह्यापासून खाली गेलेला हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला, त्याआधी इकडच्या माणसाला गोवा म्हणजे दोन-तीन गाड्या बदलण्याचे प्रकरण होते. थिवी स्टेशनवर उतरलो, म्हापशाला बस बदलली आणि कदंबच्या बसने हरमलला पोचलो. गावाच्या उत्तरेला केरी, मग तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे आपलाच सिंधुदुर्ग जिल्हा. भाषा कोकणी, पण मराठी सगळ्यांना कळते.

कॅम्प म्हणजे काय असेल याची आम्हाला धाकधूक होती. बांबूच्या पाच-सहा खोल्या, वर झापांचे छप्पर, एक मोठी ओसरी, भिंतीला रांगेने उभ्या केलेल्या आठ-नऊ फुटी फळ्या. खोलीत वरखाली खाटा, रेल्वेच्या बर्थसारख्या. बाकीचे पाहुणे पुण्या-बंगळूरचे तरुण, काँप्युटरवाले. पहिल्या संध्याकाळी एकाने विचारले, "अंकल, तुम्ही काय करता?" फिटरभाऊ म्हणाले, "तुमच्या काँप्युटरला लागते ते बनवत होतो. वीज." मग गप्पा सुरू झाल्या. आडनाव कुणी विचारले नाही. विचारले असते तरी सांगितले असते.

सर्फिंग म्हणजे लाट किनाऱ्याकडे येत असताना फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारायचे, लाटेने फळी उचलली की झटक्यात उभे राहायचे आणि लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत यायचे. ऐकायला सोपे आहे. पहिला अख्खा तास आम्ही वाळूतच होतो. वाळूत फळीचे चित्र काढायचे, त्यावर पालथे पडायचे, छातीजवळ हात टेकून उठायचे. शिकवणारा हरमलच्याच मच्छीमार घरातला पोरगा. त्याने पहिले तीन नियम सांगितले. समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे नाही. आपण आणि लाट यांच्या मध्ये फळी आडवी धरायची नाही, नाहीतर लाट ती आपल्याच तोंडावर मारते. आणि पडलो की डोके दोन्ही हातांनी झाकूनच वर यायचे. फळीची एक दोरी घोट्याला बांधलेली असते, त्यामुळे फळी दूर जात नाही. शिकाऊ माणसाची फळी वरून मऊ फोमची असते.

लाटेची गंमत आम्हाला तिथे कळली. लाट पुढे येते, पाणी पुढे येत नाही. दूर समुद्रात वारा पाण्याला रेटतो, तो रेटा शेकडो मैल चालत येतो, पाणी मात्र जागच्या जागी वरखाली गोल फिरते. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचे पाय अडखळतात आणि डोके पुढे कोसळते, तीच फुटलेली लाट. शिकवणाऱ्याने हे सांगताच फिटरभाऊ म्हणाले, "म्हणजे तारेतल्या करंटावानी. तार जागेवर रायते, करंट पुढं जाते." अख्खी नोकरी पाणी उकळून वाफ करण्यात गेलेल्या माणसाला ते एका वाक्यात कळले.

उभे मात्र पहिल्यांदा कोण राहिले? मास्तर नाही, ड्रायव्हर नाही, आम्ही तर नाहीच. वहिनी! सलवार-कमीजवर कॅम्पचा तो अंगाबरोबरचा सदरा चढवून त्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसाच्या लाटेवर त्या तीन-चार सेकंद ताठ उभ्या राहिल्या. मास्तर किनाऱ्यावरून टाळ्या वाजवत होते. वहिनी नाकातोंडातले पाणी पुसत म्हणाल्या, "डोक्यावर दोन गुंड घेऊन हातपंपावरून चिखलातून घरी आलेल्या बाईला तोल काय शिकवता?"

फिटरभाऊ दोन दिवस पाण्यात उतरलेच नाहीत. वाळूवर बसून आमच्या चपला राखत होते. आणि आम्हीही त्यांना आग्रह केला नाही, कारण आम्हाला माहीत होते.

१९९४ च्या मे महिन्यातली गोष्ट. कोराडीपासून काही मैलांवर एका लग्नाला आम्ही गेलो होतो. दुपारी जेवणे झाली. उकाडा असा की अंगाची लाही. जवळच पाणी भरलेली जुनी खदान होती. फिटरभाऊंचा धाकटा भाऊ, वय एकोणीस, हातपाय धुवायला खाली उतरला. खदानीचा काठ तळ्यासारखा हळूहळू उतरत नाही, एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्या पावलावर दोन पुरुष पाणी असते. त्याचा पाय घसरला. काठावर आम्ही नऊ जण होतो. नवांपैकी एकालाही पोहता येत नव्हते. आम्ही ओरडत राहिलो. एका सायकलच्या कॅरिअरला दोर बांधलेला होता. मंडपातल्या पाण्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा तिथेच पडला होता. एकाच्या डोक्याला लांबलचक फेटा होता. कुणालाही काही सुचले नाही. तो हातभर अंतरावर दोनदा वर आला होता.

एकतीस वर्षांत फिटरभाऊ हा विषय कधी बोलले नाहीत. कोराडी तलावाच्या रस्त्यानेही ते पाण्याकडे न पाहता जातात.

चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतःच उठले आणि भाच्याला म्हणाले, "मले फळी नको. फक्त तरंगायचं शिकव." वारा पडला होता, लाटा बारीक होत्या. कमरेएवढ्या पाण्यात भाच्याने त्यांना पाठीवर आडवे केले. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. "मामा, कान पाण्यात बुडू द्या. पोट वर करा. श्वास भरून ठेवा, हळू सोडा. हातपाय ताणू नका. मी हाय नं." पहिल्या वेळी ते धडपडून उभे राहिले. दुसऱ्या वेळीही. पाचव्या-सहाव्या वेळी भाच्याने कमरेचा हात काढला, मग मानेखालचा. फिटरभाऊ पाण्यावर पडून राहिले, डोळे आभाळाकडे. मिनिटभर तरी असतील. आमच्यापैकी कुणी बोलले नाही.

बाहेर येऊन ते वाळूत बसले. बराच वेळ गेला. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "एवढंच होतं काय गा?"

बंधू-भगिनींनो, या एका प्रश्नासाठी हा लेख आहे.

आपल्या लोकांना पोहता का येत नाही? पाण्याची भीती आपल्या रक्तात नाही. पोहायला शिकायला आधी पाणवठ्यावर पाऊल ठेवता आले पाहिजे. पिढ्यान् पिढ्या गावची विहीर, तलाव, घाट आपल्याला बंद होता. ज्या पाण्याला शिवायचीच बंदी, त्यात बाप पोराला पोहायला कसा शिकवणार? बाप न शिकलेला, म्हणून पोरगा न शिकलेला, म्हणून नातू न शिकलेला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले, तो हक्क कोर्टात पक्का व्हायला मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ चा निकाल यावा लागला. पाण्याचा हक्क असा मिळाला. पाण्याची विद्या मात्र आपण अजून घेतलेली नाही.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने समुद्रकिनारेसुद्धा वर्णानुसार वाटले होते. चांगल्या लाटांचे किनारे गोऱ्यांना. १९८९ साली केपटाऊनजवळच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर लोक आंदोलन म्हणून उतरले, पोलिसांनी त्यांना हुसकावले, पण पुढच्याच वर्षी, १९९० ला, तो कायदा गेला. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी डॉ. गिल्बर्ट मेसन या काळ्या डॉक्टरने १९५९ साली मुलाबाळांसह समुद्रात पाय ठेवला तर पोलिसांनी बाहेर काढले. २४ एप्रिल १९६० ला शंभराहून अधिक लोक पुन्हा पाण्यात उतरले, तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना लाठ्या आणि साखळ्यांनी मारले. त्यांचे हे आंदोलन आणि आपले चवदार तळे यांत फरक फक्त खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा. आजही अमेरिकेत जलतरण तलावात बुडणाऱ्या मुलांमध्ये काळ्या मुलांचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या कित्येक पट आहे, आणि याचे एक मोठे कारण तिथले जाणकार हेच देतात की आजोबांना तलावात येऊ दिले नाही म्हणून नातवाला पोहता येत नाही.

आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. ती कुठे मरतात? विहिरीत, नदीत, शेततळ्यात, खदानीत. कपडे धुताना, म्हशी धुताना, उन्हाळ्यात गार व्हायला उतरलेली. म्हणजे बहुतेक आपल्यासारख्यांच्याच घरची.

कुणी म्हणेल, सर्फिंग हा श्रीमंतांचा खेळ, त्याचे आपल्याला काय? खरे आहे, एका शिकवणीचे पैसे म्हणजे कंत्राटी कामगाराची दोन-तीन दिवसांची मजुरी. पण हा खेळ मुळात श्रीमंतांचा नाही. तो हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या मिशनऱ्यांनी नाके मुरडली, खेळ जवळजवळ बुडाला. त्याच बेटांवरच्या ड्यूक कहानामोकूने १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले आणि जिथे गेला तिथे फळीवर उभे राहून दाखवले. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. पुरुषांचे पहिले सुवर्ण मिळाले ब्राझीलच्या इतालो फेरेइराला. त्याचा बाप मासे विकायचा. मासे ठेवायच्या थर्माकोलच्या पेटीच्या झाकणावर पोरगा लाटा चढायला शिकला. आपल्याकडेही केरळच्या कोवळम किनाऱ्यावर पोट भरायला आलेल्या कर्नाटकातल्या फेरीवाल्या कुटुंबाचा मुलगा रमेश बुदिहाळ याने ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेतले. आणि नागपूरची कांचनमाला पांडे? डोळ्यांनी दिसत नाही, तरी २०१७ साली मेक्सिकोच्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेतून तिने सुवर्णपदक आणले. पाणी कुणाला ओळखत नाही, शिकलेल्याला मात्र उचलून धरते.

आता कामाच्या चार गोष्टी. ६ डिसेंबरला किंवा कधीही समुद्रावर गेलात तर लक्षात ठेवा. तलावावर वाढलेल्या आपल्या माणसाला संथ पाणी सुरक्षित वाटते. समुद्रात उलटे असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो आहे, तर तिथे उतरू नका. किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच वाटेने परत आत ओढले जात असते. या ओढीशी समोरासमोर झुंजून पट्टीचा पोहणाराही थकतो. सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नका, पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे जा. थोड्या अंतरावर ओढ संपते. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळे झेंडे असतील त्यांच्या मधेच उतरायचे, लाल झेंडा असेल तर उतरायचेच नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

आणि काठावर असताना कुणी बुडताना दिसला तर? पोहता येत नसेल तर उडी मारू नका, एकाचे दोन होतात. आधी ओरडून माणसे गोळा करा. तरंगणारे काही फेका, झाकण लावलेली तेलाची रिकामी कॅन, टायरची ट्यूब, बंद डबा. दोर, साडी, ओढणी, फेटा, बांबू, जे असेल त्याचे टोक त्याच्यापर्यंत पोचवा. स्वतः जमिनीवर पालथे पडा, मागून कुणाला तरी पाय धरायला लावा आणि मग ओढा. हे चार वाक्यांचे ज्ञान १९९४ साली आम्हा नऊ जणांपैकी एकाकडे असते तर...

आमचा विचार असा आहे. आपल्या विहारांत उन्हाळी शिबिरे होतात, गणित-इंग्रजीचे वर्ग होतात, चांगली गोष्ट आहे. त्यात एक पोहण्याचा वर्ग घाला. नागपूर शहरात जलतरण तलाव आहेत, दहा-बारा मुलांची फी वस्तीने मिळून भरली तर ती एका बारशाच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही. शिकवणारा जाणकारच हवा, आणि खदानीत किंवा वीज केंद्राच्या तलावात हा प्रयोग करायचा नाही. मुलींना मागे ठेवू नका. वहिनी या कामी पुढे आल्या आहेत, अंगणवाडीतल्या आयांची यादी त्यांनी सुरू केली आहे.

परतीच्या गाडीत आम्ही उरलेला चिवडा खात होतो. ड्रायव्हर म्हणाले, "पैसे वसूल झाले बाप्पा." मास्तरांनी वहीत हिशेब मांडला, भिशीतले माणशी साडेतीनशे रुपये उरले होते. ते वाटून घ्यायचे की काय करायचे, यावर चर्चा चालली. फिटरभाऊ खिडकीशी होते. त्यांनी वळून सांगितले, "वाटू नका. पयल्या पोट्ट्याची फी भरा."

मेच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू करायचा आहे. ज्या पालकांना मुले पाठवायची असतील त्यांनी महादुल्याच्या अंगणवाडीत वहिनींना भेटावे. मोठ्यांनाही बंदी नाही. पहिल्या यादीत एक नाव साठी ओलांडलेल्या माणसाचे आहे, आणि ते कुणाचे हे आता तुम्हाला सांगायला नको.

जयभीम.